घरतमामांनी शिवलेलं जाकीट

आम्ही रोडपालीच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, त्याच दिवशी शेजारच्या घरतमामांनी आमची बेल उघडली. वाजवली नाही, उघडली. मी आत भांड्यांची खोकी सोडत होते. दाराशी कुरकुर आवाज आला म्हणून डोकावले, तर बनियन-लेंग्यातला एक उंच, सावळा म्हातारा ओठांत स्क्रू धरून उभा आणि आमच्या नव्याकोऱ्या बेलचं झाकण त्याच्या हातात! मी ओरडलेच, "अहो, अहो, कोण तुम्ही?" त्यांनी ओठांतले स्क्रू काढून तळहातावर घेतले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाजूवाला. घरत. बेल नवीन हाय ना? आत काय हाय ते बगतो. उघडल्याशिवाय कलत नाय."

बेल त्यांनी परत बसवली, नाही असं नाही. पण तेव्हापासून ती जरा घोगरी वाजते.

पुढे कळलं, की हे त्यांचं ब्रीदवाक्य आहे. मिक्सर आणला, उघड. कुकरचं हँडल हललं, उघड. एकदा खालच्या मजल्यावरच्या मुलीच्या साखरपुड्याला मामांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. मुलीच्या सासऱ्यांनी कौतुकानं "छान आहे हो" म्हटलं मात्र, मामांनी खिशातून पेचकस काढला आणि भर मांडवात घड्याळाची पाठ उघडून सासऱ्यांना आतलं मशीन दाखवलं. "बगून घ्या. मागाहून बोलाल, सांगितलं नाय." सासरेबुवा बिचारे सोनारासारखे वाकून बघत होते आणि मागे जेवणाची पंगत खोळंबली होती.

मामा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत फिटर होते. सगळा जन्म पंप आणि व्हॉल्व्ह उघडण्यात आणि परत बसवण्यात गेला, तोही शिफ्टमध्ये. रिटायर झाले, कंपनी सुटली, पण हातातला पाना काही सुटला नाही. घरात उघडण्यासारखं होतं नव्हतं तेवढं सगळं उघडून झालं आणि मग त्यांची नजर मामींच्या शिलाई मशीनवर गेली.

मामी म्हणजे त्यांच्या पत्नी. उरणकडच्या, खाडीकाठच्या गावातल्या. अंगानं एवढीशी, जिभेनं तिखट, नऊवारीतली बाई. पूर्वी आळीतल्या बायकांचे ब्लाउज, बाळंतविडे असलं काहीबाही त्या शिवून देत. एक दिवस मशीन अडलं. मामांनी पेपर पसरून त्याचा खिळा न् खिळा सुटा केला, तेल घातलं, परत जोडलं. मशीन चाललं. पण फिटर माणसाचं तेवढ्यावर समाधान होत नाही. "रिपेर केलं म्हंजे झालं नाय. लोडवर चालवून बगाया लागतं." म्हणून त्यांनी एक रुमाल शिवला. मग उशीचा अभ्रा शिवला. मग भाजीची पिशवी. मग थांबलेच नाहीत. मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "मशीन सुधारली न मानूस बिघडला."

बिघडला म्हणजे किती, ते ऐका. तयार कपड्यांवर मामांचा काडीचा विश्वास नाही. "कंपनीची शिवन काय भरवशाची? शिफ्ट सुटायच्या टायमाला मारलेली असंल." असं म्हणून ते नवा कपडा उलटा करायचे, ब्लेडनं शिवण उसवायचे आणि आपल्या हातानं परत दुहेरी मारायचे. स्वतःचे कपडे संपल्यावर बिल्डिंगचे सुरू झाले. आमच्या ह्यांनी दिवाळीला नवी पँट आणली. मामांनी ती "जरा बगतो" म्हणून नेली. आमचे हे आठवडाभर जुन्याच पँटीत बेलापूरला ऑफिसला गेले. पँट परत आली तेव्हा मामा म्हणाले, "आता कापड फाटंल, पन शिवन नाय उसवनार." आणि खरंच, पुढच्याच महिन्यात कापड फाटलं, शिवणीला लागून, सरळ रेषेत. मामांना मी ती दाखवली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. शिवण शाबूत होती ना!

त्यांची भाषाही कंपनीची. ब्लाउज काखेत सैल असला की "हितं लीकेज हाय". कपडा घालून बघणं म्हणजे "ट्रायल". मशीनवर बसले की जेवायला हाक मारलेली चालत नसे, "जॉब अर्धा टाकून उठत नाय कोनी." हे सगळं ते मला किंवा भिंतीला सांगत. कारण नवराबायकोचं आपसातलं बोलणं हा एक वेगळाच प्रकार होता. ते एकमेकांशी बोलतच नसत. भांडण नव्हतं हो, पद्धतच तशी. एकत्र कुटुंबात, थोरामोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, नवऱ्यानंही बायकोला हाक मारायची नाही, असा तो काळ. थोरमोठे गेले, पण सवय राहिली. मी बसलेली असले की मामा म्हणायचे, "वयनी, तिला विचारा, गोली घेतली का." मामी तीन हातांवर बसलेल्या असायच्या. त्या म्हणायच्या, "सांगा त्यांना, घेतली." माझा उपयोग त्या घरात टेलिफोनसारखा व्हायचा. मला आधी हसू यायचं, मग राग यायचा, मग सवय झाली.

हे असंच चाललं असतं. पण मामींच्या किडन्या गेल्या.

साखर जुनीच होती. पाय सुजायला लागले, दम लागायला लागला आणि डॉक्टरांनी सांगितलं, डायलिसिस. डाव्या हातात ऑपरेशन करून नस जोडली. तिथे सुया टोचायच्या आणि मशीनला जोडून पडून राहायचं. एक दिवसाआड पनवेलला जायचं, दर खेपेला चार तास. मामा प्रत्येक वेळी बरोबर. पहिल्या दिवशी परत आले आणि मला गॅलरीत गाठून म्हणाले, "वयनी, काय मशीन हाय! रगत बाहेर काडते, साफ करते, परत आत सोडते. पंप हाय, फिल्टर हाय, अलारम हाय. सगलं बगितलं." मी घाबरून विचारलं, "उघडलं तर नाहीत ना?" ते म्हणाले, "नाय. तिला जोडलेलं व्हतं."

पण मामी चार तास काढेनात. दीड-दोन तास झाले की "काढा सुया" म्हणून हटून बसायच्या. तिथला मुलगा समजावायचा, नर्स रागवायची, मामींचं एकच, "काढा." का, तर "थंडी वाजते." त्या खोलीत एसी भरपूर असतो, आणि त्या रोग्यांना थंडी जास्तच वाजते म्हणे. डॉक्टरांनी मामांना आत बोलावून स्पष्ट सांगितलं, की अर्धवट डायलिसिसनं अंगातलं पाणी अंगातच राहतं, ते छातीत चढेल, आणि असंच चाललं तर फार दिवस नाहीत.

मामींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नसले तर नसले. आता बास."

आणि एके दिवशी सकाळी रिक्षा खाली येऊन उभी राहिली तरी त्या पलंगावरून उठल्याच नाहीत. मामा माझ्या दारात आले. बेल उघडणारा, घड्याळ उघडणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्यांना धड वाक्य जोडता येईना. "वयनी, जरा... तिला... तुमी सांगा." मी गेले, रागावले, हातापाया पडले, तेव्हा कुठे त्या उठल्या. पण जिना उतरताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "आज जाते तुमच्यासाठी. रोज नाय जमायचं."

त्या दिवसापासून मामांनी थंडीशी वैर धरलं.

शाल दिली, ती घसरायची. ब्लँकेट दिलं, तर सुया लावलेला हात उघडा दिसला पाहिजे म्हणून तिथला मुलगा ते काढायचा. स्वेटरची बाही वर सरकेना. खारघरला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं मॉलमधून एक झकास हुडी आणली, डोक्यातून घालायची, छातीवर कसलीशी इंग्रजी अक्षरं. "आई, एकदम गरम आहे, घालून बघ." मामींनी ती उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाल्या, "ही घालताना हात कुठून काढू? आन यावर काय लिवलंय?" मुलगा लाजला. ते त्यानं सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर हुडीचे तुकडे हॉलभर पसरलेले. पुढचा एक, मागचा एक, बाह्या, मनगटाच्या पट्ट्या, कमरेची पट्टी, टोपीचे दोन भाग, सगळं ओळीनं. मामी पलंगावरून म्हणाल्या, "पोरानं आयशीला कपडा दिला, बापानं त्याचं पोस्टमार्टम केलं."

मामा चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "कलली बनावट. आता आपन घरी बनवू. पुढून चेन, म्हंजे डोक्यातून घालाया नको. आन डाव्या बाहीला येगली चेन, मनगटापासून दंडापर्यंत. सुई लावायच्या टायमाला उघडायची, बाकीचा हात झाकलेला." कल्पना चांगली होती, मी मान्य केलं. मी विचारलं, "आणि टोपी?" म्हणाले, "टोपी कशाला? डोक्याला काय सुई लावतात?"

कापड आणायला ते पनवेलच्या बाजारात गेले. आतून मऊ लव असलेलं, जाड, ताणणारं कापड. मे महिना. बाहेर डांबर वितळत होतं. दुकानदारानं विचारलं, "काका, काश्मीरला का?" मामा म्हणाले, "नाय. पनवेललाच. पन एसीत."

मग त्यांचा तो कारखाना सुरू झाला. पंखा लावला तर कागदाचे बेतलेले तुकडे उडायचे, म्हणून पंखा बंद. अंगात बनियन, मांडीवर ते उबदार कापड, कपाळावरून घामाच्या धारा आणि नाकाला चिकटलेली कापडाची लव. हे दृश्य ज्यानं पाहिलं त्यानं देवाजवळ मामींसाठी एक नमस्कार जास्तच केला असेल. ताणणारं कापड जुन्या मशीनवर सरळ चालेना. सुईखाली ते लांबायचं आणि चेन शिवली की ती नागमोडी व्हायची. मामा उसवायचे, इस्त्री मारायचे, परत शिवायचे. शिवणीत माया बक्कळ सोडलेली होती, म्हणून कापड तरी टिकलं. मामी त्यांच्याकडे न बघता मला म्हणायच्या, "सांगा त्यांना, चेन सरल नसली तरी चालंल. मी कुठं लग्नाला चाललेय." मामा मला म्हणायचे, "सांगा तिला, अलाइनमेंट चुकली तर चेन अडकल."

जाकीट झालं. ट्रायलच्या दिवशी मामा नवरदेवासारखे इस्त्रीच्या शर्टात गेले. परत आले ते तोंड पाडून. झालं काय होतं, की बाहीला त्यांनी पितळी चेन लावली होती. बॅगेला असते तसली, जाडजूड. का? तर "पितल गंजत नाय." फिटरचं डोकं! अहो, पण बाईच्या हाताला लावायची चेन, पाण्यातल्या पंपाला नव्हे! तिथल्या एसीत ते पितळ असं गार पडलं की मामींच्या हातावर काटा आला. मामी मला म्हणाल्या, "सांगा त्यांना, बरफाची कांडी बांधलीय माज्या हाताला." मामांनी चेनवर बोट ठेवून पाहिलं, ब्लेड घेतलं आणि उसवायला बसले.

मग प्लास्टिकची चेन आली, तिच्याखाली मऊ पट्टी आली. या खेपेला जाकीट खरंच सुरेख झालं. मी स्वतः घालून पाहिलं, ऊब अशी की दोन मिनिटांत भिजून निघाले. तिथल्या नर्सनंही कौतुक केलं.

आणि मामी त्या दिवशीही दोन तासांत उठल्या.

संध्याकाळी मामा जाकीट उलटं करून मांडीवर घेऊन बसले होते. एकेक शिवण बोटानं चाचपत होते. म्हणाले, "जाकिटात फॉल्ट नाय, वयनी. मी सगलं बगितलं. मंग फॉल्ट कुठं हाय?"

मला रागच आला. "अहो मामा, जाकिटाला काय विचारता? मामींना विचारा!"

मी त्यांना छतावर चालायला सांगितलं असतं तरी त्यांनी इतकं चमकून पाहिलं नसतं. "तिला? तिला काय विचारू?" मग जाकिटाची घडी घालत म्हणाले, "तुमी जा तिच्यासंगती. तुमी बायमानूस. बगा काय होते ते."

पुढच्या खेपेला मामा बाहेर थांबले आणि मी आत गेले. मोठी खोली. दोन्ही बाजूंना पलंग, प्रत्येकाशेजारी एक मशीन. मामींच्या बरोबर समोर एक वयस्कर गृहस्थ, शेजारी एक तरुण. मामींना जाकीट घातलं, डाव्या बाहीची चेन उघडली. आता नऊवारी असो की पाचवारी, पदर येतो डाव्या खांद्यावरून. सुया लावणाऱ्या मुलानं हात मोकळा करायला तो पदर अलगद बाजूला केला आणि मामींच्या पाठीखाली सारला. त्याचं काहीच चुकलं नाही. पण मामींचं डोकं उघडं पडलं.

मी इतकी वर्षं शेजारी राहिले, त्या दिवशी पहिल्यांदा मामींचं डोकं पाहिलं. आजारानं केस गळून गेले होते. भांगातलं कुंकू आणि आजूबाजूला नुसती कातडी. त्या उजव्या हातानं पदर ओढायला बघायच्या, तो अंगाखाली अडकलेला. ओढायला वळल्या की डावा हात हलायचा आणि मशीन कोकलायचं. मुलगा धावत यायचा, "आजी, हलू नका म्हटलं ना!" त्या गप्प पडायच्या, डोळे मिटून घ्यायच्या. पाच-दहा मिनिटांनी परत तेच. त्यांना थंडी वाजत नव्हती. वरच्या ओठावर घाम होता.

मी वाकून विचारलं, "मामी, याच्यासाठी उठता होय?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाल्या, "थंडीचं काय वयनी, खाडीच्या वाऱ्यात जल्म गेला. सासरा गेला, दीर गेले, कोनी माजा पदर पडलेला बगितला नाय. हितं ह्या बाप्यांसमोर चार तास बोडकीवानी पडून ऱ्हायाचं? ते बाहेर जिते बसलेत आन मी हितं अशी."

"मग मामांना सांगायचं नाही का?"

"त्यांना? असलं काय सांगतात नवऱ्याला?"

मी माझी ओढणी काढून त्यांच्या डोक्यावर घातली आणि जाकिटाच्या कॉलरीत खोचली. त्या दिवशी त्या तीन तास थांबल्या.

घरी आल्यावर मी मामांना गॅलरीत बोलावून सगळं सांगितलं. खरं तर चांगलं खडसावायचं ठरवलं होतं, की इतक्या वर्षांचा संसार आणि तुम्हाला एवढं कळू नये? पण त्यांचा चेहरा पाहून गप्प बसले. ते कठड्याला धरून उभे होते. म्हणाले, "मी बाहेर बसून मशीनचा विचार करत व्हतो." मग म्हणाले, "टोपी लावाया पायजे. वयनी, तुमी जरा तिचं माप घ्या."

"मी नाही घेणार," मी म्हटलं. "तुमची बायको, तुमचं जाकीट. तुम्ही घ्या."

ते टेप घेऊन आत गेले. मामी पलंगावर बसल्या होत्या. मामा समोर जाऊन उभे राहिले, टेप एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून पहिल्यात. मग सवयीनं माझ्याकडे वळले, "वयनी, तिला सांगा, मान सरल..." मी सरळ उठले आणि चहा टाकते म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवला. बाहेर काही आवाज नाही. पाणी उकळायला लागलं तरी नाही. मग मामांचा आवाज आला.

"तू पदर कुठवर घेतेस?"

मग मामी म्हणाल्या, "हितवर."

मी चहा मुद्दाम जास्त उकळला.

टोपी दोन दिवसांत लागली. कपाळावर नीट बसेल अशी, उशीवर डोकं टेकलं तरी मागे न सरकणारी. मामींनी आरशात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही टोपी हाय," म्हणाल्या. "पोरं घालतात तसली. हिला पदर कोन बोलंल?" मामांनी वाद घातला नाही. ब्लेड घेऊन टोपीच्या कडेची शिवण उसवायला लागले.

तेव्हा मामी उठल्या. धरत धरत कपाटापाशी गेल्या, खालची पत्र्याची पेटी ओढली आणि वरचंच एक हिरवंगार लुगडं काढलं. मी ते लुगडं ओळखलं. आजार लागल्यावर मामींनी ते मला एकदा काढून दाखवलं होतं. सवाष्ण गेले तर मला हे नेसवा, त्या वेळेला शोधाशोध नको, मुलाला ठाऊक नसतं, तुम्ही लक्षात ठेवा, असं सांगितलं होतं. आमच्या बायका ठेवतात असं एखादं लुगडं बाजूला.

त्यांनी ते मामांच्या मांडीवर ठेवलं. "याचा काठ लावा. पुढं, कपालावर."

मामांनाही ते लुगडं ठाऊक असावं. कारण जगातली कुठलीही शिवण डोळ्याची पापणी न हलवता उसवणारा हा माणूस, त्यांच्या हातून कात्री धरवेना. "हा नाय," म्हणाले. "दुसरा काड कंचा पन. हा ऱ्हाऊ दे."

"हाच," मामी म्हणाल्या. "घडी करून ठेवलाय नुसता. मना आत्ता पायजे."

मामा मान खाली घालून बसून राहिले. लुगड्यावर टप्पकन पाणी पडलं, तो घाम नव्हता. शेवटी मामींनीच त्यांच्या हातातून कात्री घेतली आणि काठाला पहिला काप दिला. पुढचं मामांनी कापलं, काठाच्या रेघेला धरून, कुठेही वाकडं न जाता. मी तिथे उभी होते आणि मला रडू आवरेना. मामी मलाच म्हणाल्या, "तुमाला काय झालं?"

जाकीट असं दिसतं: करड्या रंगाचं, पुढून चेन, डाव्या बाहीला दुसरी चेन, आणि टोपीच्या कडेनं कपाळावर हिरवा काठ. लांबून पाहिलं तर बाईनं पदर घेतलाय असंच वाटतं. पहिल्या दिवशी त्या सुया लावणाऱ्या मुलानं विचारलं, "आजी, हे कुठून आणलं?" मामींनी सांगितलं, "आमच्या ह्यांनी शिवलं." मशीन त्या दिवशी एकदाही कोकललं नाही. मामी चार तास काढून बाहेर आल्या.

किडन्या काही परत येत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आहे असं चालू ठेवायचं. पण "आता बास" हे शब्द त्या जाकिटानंतर मी मामींच्या तोंडून ऐकले नाहीत. पेटीत आता दुसरं लुगडं ठेवलं आहे का, ते मी विचारलं नाही.

परवा पनवेलला बाजारात काम होतं, म्हणून दुपारी डायलिसिस सेंटरवरून गेले. मामा बाहेरच्या बाकावर बसले होते, दाराकडे तोंड करून. पायाशी डब्याची पिशवी. मी म्हटलं, "मामा, आता मामी नीट थांबतात ना? मग तुम्ही चार तास इथे कशाला अवघडून बसता? घरी जाऊन पाठ टेकायची. घ्यायला यायचं वेळेवर."

ते म्हणाले, "मी सेकंड शिफ्ट करून यायचो ना वयनी, ती दारात बसलेली असायची. जेवायची पन नाय. मी आईला बोलायचो, तिला सांग, झोपत जा. तरी बसायचीच. इतकी वरसं." त्यांनी पिशवी उगीचच इकडची तिकडे सारली. "आता तिची ड्युटी हाय. दारात कोन तरी दिसाया पायजे ना."

मी त्यांच्या शेजारी बसले.

थोड्या वेळानं दार उघडलं आणि मामी आल्या. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत, कपाळावर हिरवा काठ, चेहरा थकलेला. दारातच थांबून त्यांनी बाकाकडे पाहिलं. मामा उठून उभे राहिले होते.

"जेवलाव का?" मामींनी विचारलं.

"नाय," मामा म्हणाले. "तू सुटायची व्हतीस ना."